तीन पात्रांचा लघुपट: नट शोधण्यापासून करारापर्यंत

प्रश्न असा आहे: 25 मिनिटांचा लघुपट करायचा आहे, पात्रं तीन. साठीकडे झुकलेले आजोबा, त्यांची चाळिशीतली मुलगी आणि नऊ वर्षांची नात. आतापर्यंत मित्रमंडळींना घेऊन कामं केली, या वेळी मात्र अभिनय हाच व्यवसाय असलेली माणसं हवी आहेत. ती शोधायची कुठे, ऑडिशनला नेमकं काय पाहायचं, आणि पैशाचं नि कराराचं कसं करायचं?

उत्तर लांबणार आहे. नटाची निवड चुकते ती फार कमी वेळा ऑडिशनच्या खोलीत चुकते. बहुतेक वेळा ती त्याआधीच चुकलेली असते, कारण भूमिका कागदावर स्पष्ट नसते. किंवा मग नंतर चुकते, कारण सगळं बोलणं तोंडी राहिलेलं असतं. म्हणून ऑडिशनच्या अलीकडचं आणि पलीकडचं काम आधी नीट समजून घ्या.

आधी दिवस मोजा, मग माणूस शोधा

कोणत्याही अनुभवी नटाला किंवा त्याच्या मॅनेजरला फोन केला की पहिला प्रश्न येतो, "किती दिवसांचं काम आहे आणि तारखा कुठल्या?" याचं उत्तर तयार नसेल तर बोलणं तिथेच संपतं, आणि तसं संपणं योग्यही आहे.

दिवस काढायची रीत सोपी आहे. पटकथा प्रमाणित मांडणीत लिहिली असेल तर एक पान म्हणजे पडद्यावरचं अंदाजे एक मिनिट. प्रत्येक प्रसंग पानाच्या आठ भागांत मोजा: अर्धं पान म्हणजे चार अष्टमांश, दोन ओळींचा प्रसंग म्हणजे एक अष्टमांश. छोटं युनिट दिवसाला साधारण 3 ते 5 पानं नीट उरकतं. रात्रीचे प्रसंग, गर्दी, गाडी आणि लहान मूल यांनी हा वेग कमी होतो. म्हणजे तुमच्या 25 पानांना सहा-सात दिवस धरा. आजोबा 18 पानांत असतील आणि त्यांचे प्रसंग सलग लावता आले, तर त्यांचे पाच दिवस. मुलगी नऊ पानांत असेल तर तीन दिवस. पण वेळापत्रक बेफिकिरीने लावलं तर हीच मुलगी पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी लागते. मग मधले दिवस तिला दुसरं काम घेता येत नाही. असे अडकवून ठेवलेले दिवसही मोबदल्यात धरावे लागतात, म्हणून नट शोधायच्या आधीच सहदिग्दर्शकाकडून कच्चं वेळापत्रक करून घ्या.

भूमिकेचा कागद

प्रत्येक पात्राचं एका पानाच्या आतलं टिपण करा. त्यात पात्राचं नाव, दिसण्याचं वय, बोलीभाषा, कथेतलं स्थान, प्रसंगांची संख्या, कामाचे दिवस, तारखा, चित्रीकरणाचं ठिकाण, मोबदल्याची मर्यादा आणि प्रवेशिका पाठवायची शेवटची तारीख असू द्या. दिसण्याचं वय म्हणजे नटाचं खरं वय नव्हे. 52 वर्षांचा माणूस पडद्यावर सहज साठीचा वाटू शकतो आणि 66 वर्षांचा पंचावन्नचा. त्यामुळे "55 ते 65 दिसेल असा" असं लिहा, जन्मसाल मागू नका.

पात्राचं वर्णन विशेषणांनी भरू नका. "स्वाभिमानी, हळवे, तापट आजोबा" वाचून नटाच्या हाती काहीच लागत नाही. "मुलीने आपल्याला तिच्या घरी ठेवून घ्यावं असं त्यांना मनातून वाटतं, पण ते तोंडाने कधीच मागणार नाहीत" हे वाचून त्याला काम दिसतं. पात्राला काय हवं आहे आणि त्याच्या वाटेत काय आडवं येतं, हे दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर अडचण पटकथेत आहे. ती तिथेच सोडवा. ऑडिशनला येणाऱ्या माणसांकडून तिचं उत्तर मिळत नाही.

त्यानंतर अटी लिहा आणि त्यांचे दोन गट करा: ज्यांच्यावाचून चालणारच नाही त्या, आणि असल्या तर बऱ्या त्या. पहिल्या गटात तीनपेक्षा जास्त अटी आल्या तर तुम्ही मनातल्या एका विशिष्ट चेहऱ्याचं वर्णन करताय, भूमिकेचं नव्हे. शिकता येण्यासारख्या आणि न शिकता येण्यासारख्या गोष्टी वेगळ्या काढा. पेटी वाजवणं जवळच्या शॉटमध्ये दुसऱ्याचे हात दाखवून निभावतं. बोलीचे ठरावीक संवाद जाणकार माणसासोबत तीन आठवडे घासले तर बसतात. पोहणं मात्र बसत नाही. "येतं थोडंफार" म्हणणाऱ्या नटाला खोल पाण्यात उतरवणं धोक्याचं आहे. दुचाकी किंवा गाडी चालवायची असेल तर परवाना आहे का, हे ऑडिशनआधीच विचारा.

केस कापणं, दाढी वाढवणं, सिगारेट ओढणं, पावसात भिजणं, उंचीवर चढणं, चुंबन किंवा अंगप्रदर्शन यातलं काहीही असेल तर त्याचा उल्लेख या पहिल्या कागदावरच हवा. निवड झाल्यावर सांगितलेली अशी गोष्ट म्हणजे फसवणूकच. नट तिथे नाही म्हणाला तर चूक त्याची नसते.

शोधायचं कुठे

नाटकं बघा. जिवंत प्रयोगात नट दोन तास तुमच्यासमोर असतो आणि संकलनाचा आधार त्याला नसतो, म्हणून शोरीलपेक्षा, म्हणजे नटाने आपल्या निवडक कामाच्या जोडलेल्या क्लिपांपेक्षा, प्रयोगातून जास्त कळतं. छोट्या भूमिकांकडे खास लक्ष द्या. समोरचा बोलत असताना जो कोपऱ्यात उभा राहूनही प्रसंगात असतो, तो कॅमेऱ्यासमोर बहुधा उत्तम काम करतो. नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्था, प्रायोगिक गट, कलाकारांच्या एजन्सी आणि नोंदणीची संकेतस्थळं हे पुढचे मार्ग. साठीच्या भूमिकेसाठी निवृत्तीनंतर पुन्हा रंगमंचाकडे वळलेले लोकही पाहा. त्यांच्याकडे वेळ असतो आणि तालमीला ते मनापासून येतात.

कास्टिंग डायरेक्टर घ्यावा का? भूमिका बऱ्याच असतील, किंवा ज्या नटांपर्यंत तुमचा हात पोहोचत नाही ते हवे असतील, तर जरूर घ्या. तुमच्या तीन पात्रांसाठी स्वतः करणं शक्य आहे, पण त्यात सहा आठवडे जातील याची तयारी ठेवा. कास्टिंग डायरेक्टर निर्मात्यासाठी काम करतो आणि पैसे निर्मात्याकडून घेतो. एजंट नटासाठी काम करतो आणि नटाच्या मोबदल्यातून ठरलेले टक्के घेतो. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा "पोर्टफोलिओ करून देतो" म्हणून नटाकडूनच पैसे मागणारा कुणी मध्ये असेल, तर त्याला तुमच्या कामाजवळही फिरकू देऊ नका. जाहिरातीत "कुठल्याही टप्प्यावर पैसे घेतले जात नाहीत" ही ओळ आणि खात्री करून घेता येईल असा संपर्क अवश्य द्या. तुमचं नाव वापरून दुसराच कुणी होतकरू मुलांना लुबाडतो, असं या धंद्यात घडत असतं.

सेल्फ-टेप

आलेल्या प्रवेशिकांतून प्रत्येक भूमिकेसाठी 25-30 जणांकडून सेल्फ-टेप, म्हणजे नटाने स्वतःच चित्रित करून पाठवलेली ऑडिशन, मागवा. त्यातून 10-12 जणांना समोर बोलवा, तीन-चार कॉलबॅकला, म्हणजे दुसऱ्या फेरीला, आणि शेवटी एक पक्का नि एक राखीव. याहून मोठा आकडा घेतला की बघणाऱ्याची नजर थकते आणि शेवटच्या टेपांवर अन्याय होतो.

सूचना नेमक्या द्या. मोबाइल आडवा, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, चौकट छातीपासून डोक्यापर्यंत, मागे साधी भिंत, उजेड समोरून. समोरचे संवाद म्हणणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभा असावा, म्हणजे नटाचे दोन्ही डोळे दिसतील. नजर थेट भिंगात नको. सुरुवातीला नाव, उंची, राहण्याचं शहर, आणि दिलेल्या तारखा मोकळ्या आहेत का हे सांगणारी वेगळी छोटी क्लिप. एक पूर्ण उंचीचा शॉट आणि दोन्ही बाजूंचे चेहरे. फाइलला भूमिकेचं नि नटाचं नाव. सगळं मिळून तीन-चार मिनिटांच्या आत. मुदत किमान चार दिवसांची द्या. रात्री पटकथेतला उतारा पाठवून सकाळी टेप मागितली, तर ज्याच्याकडे त्या दिवशी काम नव्हतं तो निवडला जातो, चांगला नट निवडला जाईलच असं नाही.

टेप पाहताना उजेड, पडदा, मोबाइलचा दर्जा हे बाजूला ठेवा. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पद्धत ही: प्रत्येक टेप एकदा आवाज बंद करून पाहा आणि एकदा स्क्रीन झाकून नुसती ऐका. आवाज बंद असताना चेहऱ्यावर विचार हलतो की नाही ते दिसतं. नुसतं ऐकताना पाठ केलेली चाल पकडली जाते, प्रत्येक वाक्य त्याच सुरात खाली उतरत असतं. आणि नट स्वतः बोलत असतानाच्या भागापेक्षा तो ऐकत असतानाचा भाग जास्त वेळा पाहा. संकलनात प्रतिक्रियांचे शॉट किती लागतात हे टेबलावर बसल्यावर कळतं. तेव्हा ऐकता न येणारा नट फार महागात पडतो.

उतारा कोणता द्यायचा

बहुतेक नवे दिग्दर्शक इथे चुकतात. ते पटकथेतला सगळ्यात स्फोटक प्रसंग उचलतात. मग बाराच्या बारा आजोबा खोलीत येऊन ओरडतात, रडतात आणि सगळे सारखेच वाटू लागतात. रडणं ही तयारीने आणता येणारी गोष्ट आहे. त्यावरून फारसं काही ठरत नाही.

दीड-दोन पानांचे दोन उतारे निवडा. पहिल्यात पात्र काहीतरी लपवत असावं आणि प्रसंगाच्या मधोमध त्याचा बेत बदलत असावा. उदाहरणार्थ, आजोबा बॅग भरून निघायच्या बेतात आहेत, मुलगी कपडे वाळत घालताना सहज काहीतरी बोलते, आणि ते निघणं पुढे ढकलतात. दुसऱ्या उताऱ्यात संवाद जवळजवळ नकोतच: नातीची वही उघडून वाचणं, एवढंच. पहिल्यात वळण कुठे येतं हे नटाला समजलं का ते दिसेल. दुसऱ्यात तो शांत राहू शकतो का ते दिसेल.

समोरच्या ऑडिशनसाठी उतारा किमान 24 तास आधी द्या, 48 तास मिळाले तर उत्तम. तिथेच हातात कागद देऊन वाचायला लावलं तर वाचनाची परीक्षा होते, अभिनयाची नाही. अडखळत वाचणारे उत्कृष्ट नट असतात आणि अस्खलित वाचणारे सामान्यही असतात. उताऱ्यासोबत चार ओळींचा संदर्भ द्या. कॉलबॅकला येणाऱ्यांना पूर्ण पटकथा द्या. संपूर्ण पटकथा न वाचता होकार देणारा नट पुढे "मला हे माहीत नव्हतं" म्हणू शकतो, आणि तो खरंच बोलत असतो.

ऑडिशनचा दिवस

जागा कार्यालय, तालीम हॉल किंवा स्टुडिओ अशीच असावी. कुणाचं घर किंवा हॉटेलची खोली कधीही नको. खोलीत तुमच्या बाजूची किमान दोन माणसं असू द्या. थांबायची जागा इतकी दूर हवी, की आतल्याचं काम बाहेर ऐकू येणार नाही. ऐकू आलं तर पुढचा नट नकळत आधीच्याची नक्कल करतो, किंवा मुद्दाम त्याच्या उलट काहीतरी करतो. प्रत्येकाला 15 मिनिटं द्या आणि दर चौथ्या माणसानंतर 15 मिनिटं मोकळी ठेवा, कारण वेळ घसरणारच. दिवसाला 16-18 जणांच्या पुढे जाऊ नका.

समोरचे संवाद म्हणायला वेगळा माणूस ठेवा, शक्यतो नटच. दिग्दर्शकाने स्वतः संवाद म्हटले तर तो नटाला पाहत नाही, कागद पाहतो. हा संवाद म्हणणारा माणूस जिवंत प्रतिसाद देणारा हवा, पण स्वतःची कला दाखवणारा नको. दिवसभर तोच माणूस असू द्या, नाहीतर एकाला चांगली साथ मिळते आणि दुसऱ्याला सपाट.

पहिला टेक नटाच्या मनाप्रमाणे होऊ द्या, त्याआधी काही सांगू नका. त्याने काय तयारी केली आहे ते तुम्हाला पाहायचं आहे. मग एकच सूचना द्या आणि दुसरा टेक घ्या. मी या दुसऱ्या टेकला पहिल्यापेक्षा जास्त किंमत देतो. सूचना करता येण्याजोगी हवी. "जरा अजून उदास" ही सूचना नाही, तो निकाल झाला. "तिने थांबवावं म्हणून तुम्ही मुद्दाम सावकाश बॅग भरताय, पण तिला ते कळू द्यायचं नाही" ही सूचना आहे. आता पाहा: काम बदललं का? कुठे बदललं? नुसता वेग कमी झाला, की समोरच्याकडे पाहण्याची तऱ्हा बदलली?

इथे तीन प्रकारची माणसं दिसतात. पहिला टेक झळाळता आणि दुसरा हुबेहूब तसाच, असा नट आरशासमोर काम बसवून आलेला असतो. सेटवर जागा बदलली, वाक्य कापलं, समोरचा नट वेगळा वागला की तो हलतो. पहिला टेक सामान्य आणि दुसरा एकदम वर गेलेला, असा नट दिग्दर्शनावर फुलतो. तुमच्याकडे तालमीचे दिवस असतील तर त्याला घ्या. सकाळी सहाला येऊन दिवसाला पाच पानं उडवायची असतील तर दोनदा विचार करा. तिसरा प्रकार म्हणजे सूचना ऐकून "म्हणजे असं का?" असा एक नेमका प्रश्न विचारणारा. त्या प्रश्नाकडे लक्ष द्या. पात्राबद्दलचा प्रश्न असेल तर ती फार चांगली खूण आहे.

ऑडिशनमध्ये कपडे काढायला सांगणं, अचानक अंगाला हात लावणं, "धाडस पाहायचंय" म्हणून अपमान करणं यातलं काहीही चालत नाही. नटाने खोलीत सुचवलेलं वाक्य किंवा कल्पना आवडली आणि त्याला भूमिका दिली नाही, तर ती गुपचूप वापरू नका.

प्रत्येक जण बाहेर पडताच दोन मिनिटं थांबून लिहा: पहिल्या टेकमध्ये काय दिसलं, सूचनेनंतर काय बदललं, आवाज-उच्चार कसे, तारखा मोकळ्या आहेत का. संध्याकाळी आठवून लिहिलं तर पहिला आणि शेवटचा तेवढा आठवतो, मधले आठ जण पुसले जातात.

कॉलबॅक: एकत्र उभे करा

तुमच्या लघुपटात नातं हीच गोष्ट आहे, त्यामुळे आजोबा एकटे कितीही चांगले असले तरी मुलीसोबत पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. तीन आजोबा आणि दोन मुली म्हणजे सहा जोड्या. प्रत्येकीला 12 मिनिटं धरली तर 72 मिनिटं होतात. दोन तास राखून ठेवा. सगळ्यांना तोच प्रसंग द्या. चेहरेपट्टी जुळते का, यापेक्षा बोलण्याची लय जुळते का हे पाहा. नाक-डोळे वेगळे असलेली मुलगी प्रेक्षक सहज स्वीकारतात, पण एकमेकांचं न ऐकणारे बाप-लेक कुणालाच खरे वाटत नाहीत. तिघांना शेजारी उभं करून एक फोटोही घ्या. उंचीतला मोठा फरक दोघांच्या शॉटमध्ये चौकट अवघड करून टाकतो, आणि तो वेगवेगळ्या टेपांवर दिसत नाही.

नाटकासाठी नट घेत असाल तर कॉलबॅक नाट्यगृहातच घ्या आणि शेवटच्या रांगेत बसून ऐका. नुसत्या आवाजाचं काम असेल तर चेहरा आणि नाव न पाहता, क्रमांक दिलेल्या ध्वनिफिती ऐकून निवड करा.

निवडीआधी चौकशीचे दोन फोन करा, तेही दिग्दर्शकांना नव्हे तर नटाच्या मागच्या कामांवरच्या सहदिग्दर्शकांना. वेळेवर येतो का, संवाद पाठ असतात का, वेशभूषा-रंगभूषेच्या लोकांशी कसा वागतो, आणि पुन्हा त्याच्यासोबत काम कराल का? चौथ्या प्रश्नावर समोरचा जरा थांबला, तर कारण विचारा.

नऊ वर्षांची नात

मुलांची ऑडिशन संवादाने सुरू करू नका. दहा मिनिटं गप्पा मारा, खेळ खेळा, मग प्रसंग खेळ म्हणूनच सांगा. घरी पढवून आणलेली मुलगी लगेच ओळखू येते. वाक्याच्या शेवटी ती आईकडे बघते. पालकांना शेजारच्या खोलीत, दिसतील असं बसवा आणि कॅमेरा मुलीच्या उंचीवर लावा. दोन गोष्टी तपासा: तोच प्रसंग तिसऱ्यांदा करायला ती कंटाळते का, आणि अनोळखी माणसाच्या शेजारी मोकळेपणाने बसते का.

बालकलाकारांच्या कामाचे तास, परवानगी, शिक्षण आणि पालकांची उपस्थिती यांवर जिथे चित्रीकरण होतं तिथल्या कायद्याची बंधनं असतात. ती आधी वाचा आणि वेळापत्रक त्यात बसवा. मुलगी दिवसाला किती तास मिळणार त्यावरच तुमची पानं ठरतील. चित्रीकरणाच्या दोन टप्प्यांत महिन्याभराचं अंतर पडणार असेल तर तिच्या दातांकडे पाहा. लहान मुलांचे दुधाचे दात मधल्या काळात पडतात आणि मग एकाच प्रसंगात फट दिसते आणि नाहीशी होते. राखीव मुलगी निवडून ठेवाच. ताप आला तर मुलाकडून काम करून घेता येत नाही, आणि घेऊही नये. रडण्याच्या प्रसंगासाठी मुलीला खरोखर घाबरवायचं, खोटी वाईट बातमी सांगायची, हे प्रकार ठामपणे नाकारा. तसा प्रसंग पाठमोरा, दारामागून किंवा आजोबांच्या चेहऱ्यावर घेता येतो.

होकार, मोबदला, करार

निवड झाली की स्वतः फोन करा, आणि त्याच दिवशी भूमिका, दिवस, तारखा, मोबदला लिहून पाठवा. उत्तरासाठी 48 तास द्या. सही होईपर्यंत राखीव नटाला नकार कळवू नका, पण त्याला खोटी आशाही दाखवू नका. "तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, अमुक तारखेपर्यंत नक्की सांगतो" हे सरळ सांगितलेलं नटांना आवडतं.

करार चार पानांचा असला तरी पुरे, पण त्यात पुढचं सगळं हवं. कामाचे दिवस आणि प्रत्येक दिवसाचे तास, त्यापुढे ओव्हरटाइमचा दर. पॅकअप (दिवसाचं काम संपणं) ते पुढचा कॉल टाइम (सेटवर हजर राहायची वेळ) यांत किमान 10 ते 12 तास विश्रांती. तालीम, लूक टेस्ट (वेशभूषा-रंगभूषेची चाचणी) आणि डबिंगचे दिवस मोबदल्यात आहेत की वेगळे. राहिलेल्या कामासाठी एक-दोन राखीव दिवस आणि त्यांचा दर. शेवटचा शॉट होईपर्यंत केस-दाढी न बदलण्याची अट. प्रवास, राहणं, जेवण कुणाकडे. श्रेयनामावलीत नाव कसं आणि कुठे. चित्रीकरण रद्द झालं किंवा पुढे गेलं तर किती आधी कळवायचं आणि न कळवल्यास काय द्यायचं. अपघात झाला तर उपचार आणि विमा कुणाचा.

सगळ्यात जास्त भांडणं वापराच्या हक्कावरून होतात. लघुपट फक्त महोत्सवांत दाखवणार, की पुढे ऑनलाइन आणि टीव्हीलाही विकणार? कुठल्या माध्यमात, कुठल्या प्रदेशात, किती काळ, हे लिहा. विक्री झाली तर नटाला काही मिळणार का, तेही लिहा. नटाचा चेहरा किंवा आवाज संगणकावर तयार करून वापरायचा असेल तर त्यासाठी वेगळी, स्पष्ट, लेखी संमती घ्या. "सर्व हक्क निर्मात्याकडे" या एका ओळीत ती गुंडाळू नका. अमेरिकेतल्या नटांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेने 2023 मध्ये 118 दिवस संप केला, तेव्हा डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला ही त्यातली एक मुख्य मागणी होती. नट आता या कलमाबद्दल विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवं.

मोबदला तीन हप्त्यांत ठेवा: सहीच्या वेळी, चित्रीकरण संपल्याच्या दिवशी, आणि उरलेला डबिंगच्या आधी. शेवटचा हप्ता "प्रदर्शनानंतर" ठेवू नका. लघुपटाचं प्रदर्शन दोन वर्षं लांबू शकतं, त्यात नटाचा दोष नसतो. बजेट खरोखर तुटपुंजं असेल तर ते पहिल्या फोनवरच सांगा, प्रवास-जेवणाचा खर्च तरी द्या, आणि नटाला त्याच्या प्रसंगांच्या क्लिप अमुक तारखेपर्यंत देऊ असं लिहून द्या. "नाव होईल तुमचं" हा मोबदला नाही.

जवळिकीचा किंवा अंगप्रदर्शनाचा प्रसंग असेल तर काय दिसेल, काय दिसणार नाही, सेटवर कोण असेल, चित्रफीत कोण पाहील हे वेगळ्या परिशिष्टात लिहा. सेटवर आयत्या वेळी त्यात भर घालायची नाही. असे प्रसंग नटांच्या संमतीने आणि सुरक्षितपणे बसवून देणारा इंटिमसी कोऑर्डिनेटर मिळाला तर उत्तम.

सह्या झाल्यावर आठवडाभरात तिघांना एका टेबलाभोवती बसवून पूर्ण वाचन करा. निवड चुकली असेल तर ती बहुधा इथे उघडी पडते आणि अजून दुरुस्त करता येते. म्हणून चित्रीकरणाच्या किमान तीन आठवडे आधी हे वाचन झालंच पाहिजे, आणि करारात या टप्प्यावर बदल करण्याचं कलम, त्यासाठी नटाला द्यायच्या भरपाईसकट, असलं पाहिजे. वाचनानंतर दोन दिवसांत, राखीव मुलगी सोडून, बाकी राखीव नटांना मोकळं करा. कॉलबॅकला आलेल्या प्रत्येकाला नकार कळवा, सामूहिक संदेशाने नको, नावाने. त्यांनी तुमची पटकथा वाचली आहे आणि तीन दिवस त्या पात्रासोबत काढले आहेत.